लखनौचे क्रीडांगण

१८ डिसेंबर २०१६ ची ती संध्याकाळ. रविवारचा दिवस होता. उत्तरेकडील थंडी अंगाला झोंबत होती. परंतु लखनौ शहरातील मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियममध्ये जमलेल्या हजारो माणसांना त्या थंडीचे भान नव्हते. कुणाच्या हातात तिरंगा होता, कुणाच्या गळ्यात ढोल होता. सर्वांच्या नजरा मैदानावर खिळल्या होत्या. कुमारांच्या जागतिक हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना सुरू व्हायचा होता. एका बाजूला बेल्जियमचा संघ आणि दुसऱ्या बाजूला भारताचा. मैदानावर उतरलेल्या खेळाडूंपैकी बहुतेकांच्या ओठांवर मिसरूड नुकतेच कोठे फुटू लागले होते. परंतु त्यांच्या खांद्यावर मात्र पंधरा वर्षांच्या प्रतीक्षेचा भार होता.

हा भार कोणता, हे कळण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

हॉकी हा खेळ तुम्ही पाहिला असेल. कदाचित खेळलाही असाल. प्रत्येक बाजूस अकरा गडी, प्रत्येकाच्या हाती टोकाशी वळलेली काठी आणि मैदानावर एक टणक पांढरा चेंडू. मैदानाची लांबी ९१.४० मीटर आणि रुंदी ५५ मीटर. दोन्ही टोकांना ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच अशी गोलची चौकट असते. चेंडू काठीच्या सपाट बाजूनेच मारावा लागतो. गोलरक्षकावाचून इतर कोणी चेंडूला पाय लावला, तर पंचाची शिटी वाजलीच म्हणून समजा! शिवाय मैदानाच्या कोणत्याही कोपऱ्यातून मारलेला फटका गोल ठरत नाही. चौकटीसमोर अर्धवर्तुळासारखी एक रेषा आखलेली असते. त्या रेषेच्या आत चेंडूला आपल्या बाजूच्या गड्याची काठी लागली, तरच गोल. म्हणून या खेळात केवळ जोरदार फटका मारणारा गडी उपयोगी पडत नाही. मागच्याने चेंडू अडवावा, मधल्याने तो पुढे न्यावा, पुढच्याने नेमक्या वेळी नेमक्या जागी असावे, तेव्हा कोठे एक गोल होतो. गोल एकाच्या नावावर लागतो, पण तो केलेला असतो अकरा जणांनी.

या खेळात भारताने एकेकाळी साऱ्या जगाला जिंकले होते. १९२८ पासून १९५६ पर्यंत ऑलिंपिक सामन्यांत हॉकीचे सुवर्णपदक सतत सहा वेळा भारताकडे आले. त्यांपैकी पहिल्या तीन विजयांत मेजर ध्यानचंद यांची जादू होती. १९५२ साली हेलसिंकी येथे भारताचे कर्णधार असलेले के. डी. सिंग 'बाबू' हे तर लखनौजवळच्या बाराबंकीचे. अशा या भूमीत हॉकीचे वेड असावे, यात नवल ते काय? परंतु दिवस पालटले. १९८० नंतर ऑलिंपिकचे सुवर्णपदक भारताच्या हाती लागले नाही. मातीच्या व गवताच्या मैदानांची जागा कृत्रिम हिरवळीने घेतली आणि खेळाचा वेग वाढला. इतर देश पुढे गेले. आपण मागे पडलो. २००८ साली तर ऑलिंपिकमध्ये खेळण्याची पात्रताही भारताच्या संघाला मिळविता आली नाही.

झाड पुन्हा बहरावे असे वाटत असेल, तर पाणी मुळांना घालावे लागते. खेळाच्या बाबतीत ही मुळे म्हणजे तरुण खेळाडू होत. त्यांच्यासाठीच कुमारांची जागतिक हॉकी स्पर्धा भरविली जाते. पहिली स्पर्धा १९७९ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे झाली आणि ती पाकिस्तानने जिंकली. योगायोग असा, की ज्या वर्षी ही स्पर्धा जन्माला आली, त्याच वर्षाच्या अखेरीस ध्यानचंद यांनी जगाचा निरोप घेतला. पुढे या स्पर्धेवर जर्मनीने आपला ठसा उमटविला. १९८२, १९८५, १९८९, १९९३, २००९ आणि २०१३ अशी सहा अजिंक्यपदे लखनौच्या स्पर्धेपूर्वीच जर्मनीच्या नावावर जमा झाली होती.

या स्पर्धेचा एक नियम मोठा कठोर आहे. खेळाडूचे वय एकविसाच्या आत असावे लागते. लखनौच्या स्पर्धेसाठी १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या तरुणांनाच प्रवेश होता. हा नियम वरवर साधा दिसतो. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मोठ्यांच्या संघातील खेळाडू एका स्पर्धेत हरला, तर पुढच्या स्पर्धेत पुन्हा येऊ शकतो. कुमारांचे तसे नाही. त्या काळी ही स्पर्धा तीन-चार वर्षांतून एकदाच होत असे. तोवर बहुतेकांचे वय उलटून जाई. जणू काही एक दार थोडा वेळ उघडते आणि मग त्या मुलांसाठी कायमचे बंद होते. आत जे घडेल, ते तेवढ्यातच घडवावे लागते.

भारताने या दारावर पुष्कळदा थाप दिली होती. १९९७ साली इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण ऑस्ट्रेलियाने ३-२ असा विजय मिळविला. २००१ साली ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे मात्र गगन अजित सिंग याच्या नेतृत्वाखाली भारताने अर्जेंटिनाचा ६-१ असा धुव्वा उडविला आणि अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर पुन्हा उतरती कळा लागली. २०१३ साली स्पर्धा दिल्लीत, आपल्याच अंगणात भरली. परंतु सोळा संघांत भारताला दहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

या साऱ्या इतिहासात एका माणसाच्या मनात एक काटा सलत राहिला होता. ते म्हणजे प्रशिक्षक हरेंद्र सिंग. २००५ साली हॉलंडमधील रॉटरडॅम येथे गेलेल्या भारतीय कुमार संघाचे प्रशिक्षक तेच होते. तेथे तिसऱ्या क्रमांकासाठी भारताची गाठ स्पेनशी पडली. सामना बरोबरीत सुटला आणि निर्णायक फटक्यांमध्ये स्पेनने बाजी मारली. हातातोंडाशी आलेले कांस्यपदक गेले. त्या संघातील मुलांसाठी दार बंद झाले. पण प्रशिक्षकाला वयाची अट नसते. हरेंद्र सिंग यांनी तो पराभव विसरण्याचा प्रयत्न केला नाही. तो त्यांनी मनाशी जपून ठेवला आणि अकरा वर्षांनी लखनौला येताना सोबत आणला.

त्यांच्या हाताखालचा संघही पाहण्यासारखा होता. पंजाब, हरियाणा, ओरिसा, मणिपूर, मध्यप्रदेश अशा निरनिराळ्या प्रांतांतून ही मुले एकत्र आली होती. कर्णधार हरजित सिंग हा पंजाबातील कुराळी गावचा. त्याचे वडील ट्रक चालवीत. उपकर्णधार दिप्सन तिर्की ओरिसाचा, नीलकांत शर्मा मणिपूरचा, तर अरमान कुरेशी ग्वाल्हेरचा. प्रत्येकाची मायबोली वेगळी, जेवणाची रीत वेगळी. पण मैदानावर सर्वांची भाषा एकच होती.

स्पर्धेला आरंभ झाला. साखळी सामन्यांत भारताने कॅनडाला ४-० असे हरविले, इंग्लंडवर ५-३ अशी मात केली आणि दक्षिण आफ्रिकेला २-१ असे नमविले. तीन सामने, तीन विजय! घरोघरी आशा पल्लवित झाल्या. परंतु खरी कसोटी पुढेच होती. येथून पुढे एक पराभव म्हणजे अजिंक्यपदाची आशा संपली, असा हिशेब होता.

उपांत्यपूर्व सामन्यात समोर उभा ठाकला तो स्पेन. होय, अकरा वर्षांपूर्वीचाच स्पेन! आणि सुरुवातही तशीच झाली. २२ व्या मिनिटाला स्पेनने गोल केला. त्या काळी कुमारांचा सामना ३५ मिनिटांच्या दोन डावांत, म्हणजे एकूण ७० मिनिटांचा असे. पहिला डाव संपला. दुसराही अर्ध्याहून अधिक उलटला. भारताच्या खात्यावर अजून शून्यच होते. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि प्रेक्षकांचे ढोल हळूहळू मुके होऊ लागले होते. अशा वेळी घाबरलेला संघ धावाधाव करतो, लांबून फटके मारतो आणि चेंडू गमावतो. या मुलांनी तसे केले नाही. ते आपला खेळ खेळत राहिले. ५७ व्या मिनिटाला सिमरनजित सिंग याने बरोबरी साधली आणि सामना संपण्यास अवघी चार मिनिटे उरली असताना हरमनप्रीत सिंग याने दुसरा गोल नोंदविला. २-१! रॉटरडॅमचे एक ऋण फिटले.

उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाशी होता. १९९७ साली ज्याने भारताचा घास हिरावला, तोच हा प्रतिस्पर्धी. पहिला गोल ऑस्ट्रेलियाचा झाला. दुसऱ्या डावात गुरजंत सिंग आणि मनदीप सिंग यांनी सहा मिनिटांच्या अवधीत दोन गोल करून भारताला आघाडीवर नेले; पण ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. सत्तर मिनिटे संपली तेव्हा फलकावर आकडे होते २-२.

आता निर्णय शूटआउटने होणार होता. शूटआउट म्हणजे काय, ते सांगतो. आघाडीचा एक खेळाडू गोलपासून २३ मीटरवरील रेषेवरून चेंडू घेऊन निघतो. समोर फक्त गोलरक्षक. आठ सेकंदांत गोल झाला तर झाला, नाही तर संधी गेली. प्रत्येक संघाला अशा पाच संधी मिळतात. आठ सेकंद! तेवढ्या वेळात आपण एक घोट पाणी पिऊन पेला खाली ठेवतो. त्या आठ सेकंदांत अकरा जणांचा खेळ एकट्या माणसाच्या हाती येतो. मागे वळून पाहिले, तर मदतीला कोणी नसते. अकरा वर्षांपूर्वी हरेंद्र सिंग यांच्या संघाचे पदक गेले होते, ते अशाच निर्णायक क्षणी.

भारताकडून प्रथम कर्णधार हरजित आणि त्याच्यामागून हरमनप्रीत, सुमित व मनप्रीत पुढे आले. चौघांनीही गोल केले. एकाचाही हात कापला नाही. आणि दुसऱ्या बाजूला चौकटीत उभा होता भारताचा गोलरक्षक विकास दहिया. चालून येणाऱ्या खेळाडूकडे न पाहता चेंडूकडे पाहावे, आपण होऊन आडवे पडू नये, समोरच्याला वाट शोधायला लावावी आणि घड्याळाला आपल्या बाजूने खेळू द्यावे, हीच अशा वेळी गोलरक्षकाची विद्या. विकासने ऑस्ट्रेलियाचे दोन प्रयत्न निष्फळ ठरविले. शूटआउट भारताने ४-२ असा जिंकला. सारे मैदान नाचू लागले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात बेल्जियमने तेव्हाचा अजिंक्य जर्मनी असाच शूटआउटमध्ये गारद केला होता.

आणि अशा रीतीने आपण पुन्हा त्या रविवारच्या संध्याकाळपाशी येऊन पोहोचतो.

सामना सुरू झाला. भारतीय खेळाडू पहिल्या क्षणापासून वाऱ्यासारखे धावू लागले. चेंडू या काठीवरून त्या काठीवर असा फिरत होता, की बेल्जियमच्या बचावफळीला उसंत मिळेना. आठव्याच मिनिटाला गुरजंतने उलट्या काठीने एक सणसणीत फटका मारला आणि चेंडू जाळ्यात जाऊन विसावला. २२ व्या मिनिटाला सिमरनजितने दुसरा गोल केला. २-०! पण हॉकीत दोन गोलांची आघाडी ही सुरक्षित मानता येत नाही. क्षणार्धात खेळाचे पारडे फिरते. दुसऱ्या डावात बेल्जियमने जोर लावला. भारतीय बचाव अभंग राहिला. अगदी अखेरच्या, ७० व्या मिनिटाला बेल्जियमला एक पेनल्टी कॉर्नर मिळाला व त्यावर त्यांनी गोल केला. परंतु तोपर्यंत वेळ संपली होती. शिटी वाजली. भारत २, बेल्जियम १. पंधरा वर्षांनी भारत पुन्हा कुमारांचा जगज्जेता झाला! यजमान देशाने ही स्पर्धा जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

खेळाडू एकमेकांना मिठ्या मारीत होते, तिरंगा घेऊन मैदानाला फेऱ्या घालीत होते. प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांचे डोळे मात्र पाण्याने भरून आले होते. मनात सललेला काटा अकरा वर्षांनी निघाला होता. काटा निघतानाही डोळ्यांत पाणी येतेच!

मुलांनो, येथे ही गोष्ट संपविली असती, तर ती गोड झाली असती. पण पूर्ण झाली नसती. या मुलांचे पुढे काय झाले, हेही तुम्हांला ठाऊक असावयास हवे.

२०२१ साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून कांस्यपदक मिळविले. ४१ वर्षांनंतर ऑलिंपिकमधील हॉकीचे पदक भारतात आले. त्या सामन्यात दोन गोल करणारा खेळाडू होता सिमरनजित सिंग, लखनौचाच सिमरनजित! हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत, सुमित, नीलकांत आणि वरुण कुमार हेही लखनौचे सवंगडी त्या संघात होते. २०२४ साली पॅरिस येथे भारताने पुन्हा कांस्यपदक मिळविले, तेव्हा संघाचा कर्णधार होता हरमनप्रीत. स्पेनविरुद्धच्या त्या सामन्यातील भारताचे दोन्ही गोल त्यानेच केले. मुळांना घातलेले पाणी फांद्यांपर्यंत पोहोचले होते.

आणि कर्णधार हरजित? त्याचे नाव टोकियोच्या संघात नव्हते आणि पॅरिसच्या संघातही नव्हते. ज्याने जगज्जेत्यांचे नेतृत्व केले, त्याला ऑलिंपिकचे मैदान लाभले नाही. मोठ्यांच्या संघात जागा थोड्या असतात आणि त्यासाठी झटणारे पुष्कळ. कुमारवयातील यश पुढच्या यशाची हमी देत नाही, ही गोष्ट कडू आहे. पण खरी आहे. तथापि, त्यामुळे लखनौच्या विजयातील हरजितचा वाटा तसूभरही उणा होत नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध प्रथम पुढे जाऊन त्याने गोल केला नसता, तर मागून येणाऱ्यांच्या काठ्या इतक्या स्थिर राहिल्या असत्या काय? इमारतीचा कळस साऱ्यांना दिसतो. पाया जमिनीत असतो. पण पाया दिसत नाही, म्हणून तो नव्हताच असे कोणी म्हणत नाही.

या स्पर्धेचे दार त्यानंतरही उघडत राहिले आहे. २०२१ साली भुवनेश्वर येथे अर्जेंटिना विजयी झाला आणि भारत चौथा आला. २०२३ साली क्वालालंपूर येथे जर्मनीने अजिंक्यपद मिळविले. भारत पुन्हा चौथाच राहिला. २०२५ साली चेन्नई व मदुरै येथे प्रथमच चोवीस संघ उतरले. जर्मनीने स्पेनला शूटआउटमध्ये नमवून आठव्यांदा अजिंक्यपद पटकावले. तेथे कांस्यपदकाच्या सामन्यात भारत अर्जेंटिनाच्या दोन गोलांनी मागे होता आणि वेळ सरत आली होती. तरीही शेवटच्या अकरा मिनिटांत चार गोल करून आपल्या मुलांनी तो सामना ४-२ असा जिंकला. मैदानाबाहेर प्रशिक्षक म्हणून उभे होते टोकियो व पॅरिसचे गोलरक्षक पी. आर. श्रीजेश.

दार थोडाच वेळ उघडे राहते, हे खरे. पण प्रत्येक वेळी ते नव्या मुलांसाठी उघडते. आज एखाद्या गावच्या पटांगणात, वाकड्या फांदीच्या काठीने चिंध्यांचा चेंडू टोलविणारा एखादा मुलगा त्या दाराकडेच चालला असेल. त्याला स्वतःला ते ठाऊक नसेल इतकेच.

अभ्यास

१. कुमारांच्या स्पर्धेतील वयाच्या नियमाला लेखकाने 'थोडा वेळ उघडणारे दार' असे का म्हटले आहे?

२. हरेंद्र सिंग यांच्या मनातील काटा कोणता? तो कसा निघाला?

३. "गोल एकाच्या नावावर लागतो, पण तो केलेला असतो अकरा जणांनी." हे विधान पाठातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.

४. शूटआउटच्या वेळी गोलरक्षकाने कोणते पथ्य पाळावे, असे पाठात सांगितले आहे?

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : धुव्वा उडविणे, उतरती कळा लागणे, घास हिरावणे, पारडे फिरणे.

६. हरजित सिंग ऑलिंपिक सामन्यांत खेळू शकला नाही. त्याच्याविषयी तुम्हांला काय वाटते, ते दहा ओळींत लिहा.